सहा टाळ्यांचा शब्द

घोडेगावच्या त्या कार्यक्रमातून कुंडलिक मास्तरांच्या पदरात काय काय पडणार होतं, ते आधी बघून घेऊ. एक शाल, उन्हाळ्यात उकडते, हिवाळ्यात टोचते, पण कपाटात घडी घालून ठेवली की बरी दिसते. एक नारळ. कॉलेजच्या फाटकावर फ्लेक्स, त्यावर फोटो आणि फोटोखाली 'ज्येष्ठ भाषातज्ज्ञ' ही पदवी. ती कुठल्या विद्यापीठानं दिलेली नसल्यामुळं कुणाला काढून घेता येण्यासारखीही नव्हती. जमलंच तर पुढच्या महिन्यात जुन्नरला असाच कार्यक्रम. आणि सगळ्यांत वजनदार बाब म्हणजे, मास्तर निवृत्त झाल्यापासून एसटी स्टँडवर त्यांना बघूनही मोबाइलमध्ये मान घालून बसणारी माणसं पुन्हा एकदा उठणार होती, 'मास्तर, बसा' म्हणणार होती.

जमेची बाजू अशी भरगच्च. खर्चाची बाजू मास्तरांनी मांडलीच नाही. मराठीच्या मास्तराला गणित कच्चं असायची मुभा असते, आणि मास्तरांनी आयुष्यभर ती पुरेपूर वापरली होती.

मास्तर शिनोलीच्या पुढच्या एका वाडीतले. भीमाशंकरला जाणाऱ्या गाड्या वाडीच्या फाट्यावरून रोज जातात, थांबत मात्र नाहीत. मास्तरांनी उभी नोकरी तालुक्यातल्या हायस्कुलांत काढली आणि सगळीकडं एकच गोष्ट शिकवली. तिला ते 'शब्दफोड' म्हणायचे. "शब्द नारळासारखा असतो," ते वर्गात सांगायचे. "आधी वाजवून बघायचा, मग फोडायचा, मग खायचा." वाजवणं म्हणजे टाळ्या. उच्चाराचे जितके तुकडे, तितक्या टाळ्या. फोडणं म्हणजे मूळ शब्द कुठला आणि त्याला मागून-पुढून काय चिकटलंय ते सुटं करणं. खाणं म्हणजे वाक्यात वापरणं. आज आंबेगाव तालुक्यात चाळिशीची कितीतरी माणसं 'अविस्मरणीय' म्हणताना मांडीवर गुपचूप बोटं वाजवतात. ती सगळी मास्तरांची पोरं.

वृषाली त्यांतलीच. आता ती घोडेगावात मानसशास्त्र शिकवत होती. मानसिक आरोग्य सप्ताहाचं काम तिच्या गळ्यात पडलं, तशी ती मास्तरांच्या घरी आली.

"सर, पोरं या शब्दांनाच घाबरतात. शब्द तोंडात बसत नाही म्हणून त्रास होत असला तरी सांगत नाहीत. निदान न अडखळता म्हणता तरी यावेत. तुम्ही याल का?"

मास्तर यायला एका पायावर तयार होते. तरी रीत म्हणून त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं. त्यावर गॅसची टाकी लावल्याची तारीख सोडली तर काही नव्हतं. "बसवू कुठंतरी," ते म्हणाले.

तिनं काही शब्द सुचवले. चिंता, नैराश्य, भयगंड.

"चिंता दोन टाळ्यांत संपते," मास्तर म्हणाले. "नैराश्य तीन. फोडायला गेलं तर आत एवढंसं खोबरं. मोठा शब्द हवा. छिन्नमनस्कता घेतो."

वृषाली चहाचा कप ओठांपाशी नेता नेता थांबली. मास्तरांचा धाकटा भाऊ सावळेराम परसात गाईला पाणी दाखवत होता. तिनं तिकडं एकदा पाहिलं आणि आवाज उतरवला. "घ्या सर. पण उदाहरण घरातलं नको. पुस्तकातलं द्या."

"अगं, मी काय आज शिकवायला लागलोय?"

पन्नाशी उलटलेल्या सावळेरामाला तो आजार बाविसाव्या वर्षी लागला. लग्नाची बोलणी चालली होती, ती तिथंच राहिली. त्या वर्षीचे काही महिने वाईट गेले. गोठ्यात भिंतीकडं तोंड करून बसायचा, कुणी बोलावलं तर कानांवर हात ठेवायचा. मग मंचरच्या डॉक्टरांची गोळी लागू पडली. तेव्हापासून दर महिन्याला मंचर, रोज एक गोळी, दोन गाई, कांद्याचं वावर आणि भावाचं घर, असं त्याचं नीट चाललं होतं. आजाराला त्यानं स्वतःच नाव ठेवलं होतं. रेडिओ.

"डोक्यात रेडिओ हाय," तो सांगायचा. "कुनाचं स्टेशन हाय, कळत न्हाई. गोळी घेतली की आवाज बारीक व्हतो. बंद न्हाई व्हत."

वाडीनं ते नाव आहे तसं उचललं. रस्त्यात कुणीही विचारायचं, "काय तात्या, आज रेडिओ कसाय?" आणि सावळेराम खुशीत सांगायचा, "बारीक हाय. बाजारभाव चाललेत." एखाद्या दिवशी म्हणायचा, "आज मोठा हाय रं." मग त्या दिवशी त्याला कुणी कामाला हाक मारायचं नाही; कुणीतरी गाईंना चारा टाकून जायचं. आजार सगळ्यांना ठाऊक होता, औषध सगळ्यांना ठाऊक होतं, आणि बोलायला एक बिनधोक शब्द होता. यापेक्षा वाडीला त्या बाबतीत काही नको होतं.

शिवाय सावळेरामाकडं मीठ होतं.

त्याचं असं झालं. पूर्वी वरच्या आळीचं आणि खालच्या आळीचं पाटाच्या पाण्यावरून फाटलं. गावची पंगत एकच, पण वरच्यांनी वाढलेलं खालचे खाईनात आणि खालच्यांनी वाढलेलं वरचे. भाजी-भाकरीचं कसंबसं जमलं, ज्यानं त्यानं आपापल्या रांगेला वाढलं. पण पत्रावळीवर पहिलं पडतं ते मीठ. ज्याच्या हातचं मीठ घेतलं त्याचे आपण झालो, असं मानणारी ती माणसं. मीठ वाढायला उठणार कोण? तेव्हा कुणाच्या तरी डोक्यात आलं की सावळेराम कुणाचाच नाही. तो वरच्यांत बसत नव्हता, खालच्यांत बोलत नव्हता, त्याला डाव समजत नव्हता. त्यानं ताटली घेतली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्यांना सारखं, चिमटीत मावेल एवढं मीठ वाढलं. भांडण पुढं मिटलं. मीठ त्याच्याकडंच राहिलं. यात्रा असो, वास्तुशांत असो, दहाव्याचं जेवण असो, धुतलेला पांढरा शर्ट आणि टोपी घालून सावळेराम ताटली घेऊन रांगेच्या तोंडाशी उभा. त्यानं शेवटच्या पत्रावळीवर मीठ ठेवल्याशिवाय भाताचं घमेलं हलत नव्हतं. गावात त्याची जागा कुठली असं कुणी विचारलं असतं तर ती तिथं होती, पंगतीच्या सगळ्यांत पुढं.

कार्यक्रमाच्या आधीचा आठवडा मास्तर रोज संध्याकाळी ओट्यावर तालीम करत होते. ऐकायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून सावळेराम समोर बसायचा.

"छिन् - न - म - नस् - क - ता." मास्तरांनी सहा टाळ्या वाजवल्या.

सावळेरामानं एकदा ऐकलं, ओठ हलवले आणि दुसऱ्या खेपेला शब्द असा स्वच्छ म्हटला की मास्तर बघतच राहिले. 'नस्'वर नेमका भार, 'न'चा 'ण' नाही, शेवटचा 'ता' लांब.

"अरे, कॉलेजची पोरं तीनदा अडखळतील!"

"मी ऐकायचंच काम केलंय की जल्मभर," सावळेराम हसला. "दादा, म्हंजी काय पण?"

"अर्थ मागून. आधी उच्चार."

आतून सरूबाईंचा आवाज आला. मास्तरांची बायको भाकरी थापताना कान ओट्यावर ठेवायची. "अवो, भावजींना कशाला घेताय त्यात?"

"चौथी शिकलेला माणूस हा शब्द म्हणू शकतो, तर तुम्ही का नाही, असा माझा मुद्दा आहे. स्टेजवर नेणार आहे त्याला."

"मुद्दा तुमचा. पण मानूस कुनाचा?"

मास्तरांनी ऐकलं नाही असं नाही. बायकोचं वाक्य फोडून बघायची त्यांना सवय नव्हती, एवढंच. कार्यक्रमाला निघताना त्यांनी तिच्या डब्यातून एक उडदाचा पापड भाजून घेतला आणि कागदात गुंडाळून पिशवीत ठेवला.

आपला सत्कार आपल्या माणसांनी बघावा म्हणून मास्तरांनी वाडीतून जीप केली होती. शेजारच्या लंकाबाई होत्या, गावच्या पंगतींची सगळी व्यवस्था बघणारा भरत होता, आणखी सहा-सात जण. लंकाबाई मागच्या बाकावर सावळेरामाच्या शेजारी बसल्या होत्या. ओटीतून आणलेले पेरू दोघं मिळून खात होते.

"तात्या, बी खाऊ नगा, पोटात झाड येतं," लंकाबाई म्हणाल्या.

"येऊ द्या की मावशी. सावलीला बसू."

जीपभर हसू. तो प्रवास मास्तरांना पुढं फार दिवस आठवत राहिला.

हॉल भरलेला होता. मास्तर रंगात आले. आधी त्यांनी पोरांना शब्द म्हणायला लावला. पोरं ठेचकाळली, हसली. मग त्यांनी सावळेरामाला वर बोलावलं. "हा माझा धाकटा भाऊ. शाळा चौथी." सावळेरामानं टोपी नीट केली, हात पुढं धरले आणि माइकवर शब्द म्हटला. सहा तुकडे, सहा टाळ्या, एकही इकडचा तिकडं नाही. हॉलनं त्याला जी टाळी दिली ती मास्तरांना नोकरीभरात मिळाली नव्हती. सावळेराम लाजला आणि वाकून नमस्कार केला.

तिथं थांबता आलं असतं. पण टाळीचं बुंदीसारखं असतं. एकदा चव लागली की माणूस वाढप्याला परत हाक मारतो.

"आता फोडू," मास्तर म्हणाले. त्यांनी कागदातून पापड काढला, माइकपाशी धरला आणि मोडला. कडाड आवाज झाला. पुढच्या रांगेतल्या मुली दचकल्या. "छिन्न म्हणजे हे. तुकडे. मनस् म्हणजे मन. 'क' त्या दोघांना धरून ठेवणारा, आणि 'ता' म्हणजे नम्रता, ममता यांतला, एखादी अवस्था सांगणारा. तिकडं ग्रीकांनी हेच केलंय. स्कि-झो-फ्रे-नि-या. पाच टाळ्या. 'स्किझो' म्हणजे चिरणं. 'फ्रेन' म्हणजे मन. पण त्याआधी त्याचा अर्थ होता बरगड्यांखालचा पडदा. बघा, मन कुठं असतं असं त्यांना वाटायचं!"

हॉल एकदम शांत. सगळे डोळे त्यांच्यावर. आणि त्या शांततेत, काहीही ठरवलेलं नसताना, कुंडलिक मास्तर म्हणाले, "आणि हा शब्द मी पुस्तकातून आणलेला नाही. हा माझ्या घरात राहतो. तीस वर्षं झाली." त्यांचा हात आपोआप सावळेरामाच्या खांद्यावर गेला.

मग टाळ्यांचा कडकडाट. काही पोरं मोबाइल वर धरून उभी राहिली. वृषालीनं मान खाली घातली आणि मग घाईनं माइक घेतला. "एक सांगते. मनाचे असे पापडासारखे तुकडे होत नाहीत. शब्द जुना आहे, तो जोडणाऱ्यांना जेवढं माहीत होतं तेवढंच त्यात आहे. शब्द फोडून आजार कळत नाही..." पण तोवर मागं नाश्त्याची पुडकी आली होती आणि खुर्च्या सरकायला लागल्या होत्या. तिची वाक्यं कुणाच्याही लक्षात राहिली नाहीत. पापड सगळ्यांच्या लक्षात राहिला.

परत येताना लंकाबाई जीपमध्ये पुढं, ड्रायव्हरशेजारी बसल्या. "मागं मला मळमळतं," त्या म्हणाल्या. उरलेले पेरू त्यांच्या ओटीतच राहिले.

पंधरा दिवसांनी गावची यात्रा आली. आमटी-भाकरी, भात, वर मासवडी असा बेत होता. सावळेराम पांढरा शर्ट घालून मंडपात गेला आणि मिठाच्या ताटलीसाठी हात पुढं केला. भरतनं ताटली दिली नाही. तो वाईट माणूस नव्हता. त्यानं सावळेरामाचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले.

"तात्या, लई वर्सं वाढलंत राव. आज तुमी बसा. मानाचं बसा."

"मी कशाला बसू? मीठ राहिलंय."

"मी वाढतो की."

त्याला पहिल्या पत्रावळीवर बसवलं. टोपीला गुलाल लावला. एवढा मान वाडीनं त्याला कधीच दिला नव्हता. मास्तर समोरच्या रांगेत होते. त्यांनी पाहिलं की सावळेराम समोरून जाणारी ताटली शेवटापर्यंत डोळ्यांनी पोचवून आला, कुणाला सुटलं तर नाही ना, अशा नजरेनं. मग तो जेवला. 'मासवडी बरी झालीय' म्हणाला. दोनदा म्हणाला.

घरी आल्यावर त्यानं शर्ट दोरीवर टाकला आणि ओट्यावर मास्तरांच्या शेजारी येऊन बसला.

"दादा, आज भरतनं मीठ दिलं न्हाई."

"मान दिला तुला. किती वर्षं राबलास."

"मान न्हाई तो." सावळेराम आपल्या तळव्यांकडं बघत होता. "आळीतली पोरं मला बघून टाळ्या वाजवत्यात. सहा. मीबी वाजवायचो परत. मला वाटलं, शब्द आवडला त्यांना." त्यानं तळवे मांडीवर पालथे ठेवले. "छिन्न म्हंजी तुकडं. मनस् म्हंजी मन. तू सांगितलंस ना तितं? मी हुबा व्हतो शेजारी. तवा ध्यानात आलं न्हाई, टाळ्या चालल्या व्हत्या. माझ्या मनाचं तुकडं झाल्यात, आसं तू त्यांना सांगितलंस व्हय?"

मास्तरांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू आला. "तसं नाही. शेवटी 'ता' आहे ना. ती अवस्था झाली. तू म्हणजे ती अवस्था नव्हे. शास्त्रीयदृष्ट्या बघितलं तर..."

"माझ्या डोक्यात रेडिओ हाय, दादा. तुकडं न्हाईत. मी सगळा एक हाय. मला ठाव हाय ना." तो शांतपणे सांगत होता, रागानं नाही. "आता कुणी इचारत न्हाई, रेडिओ कसाय म्हनून. इचारलं आसतं तर सांगितलं आसतं. आज मोठा हाय."

तो उठून गोठ्याकडं गेला. सरूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याला एक शब्दही बोलून दाखवला नाही, आणि मास्तरांना तेच जड गेलं. बोलल्या असत्या तर निदान वाद घालता आला असता.

त्या रात्री मास्तरांना झोप लागली नाही असं म्हणणं खोटं ठरेल, झोप लागली. पण जाग आल्यावर पहिला विचार आला तो असा, की चिंता घेतला असता तर दोन टाळ्यांत भागलं असतं.

माणसाला पश्चात्ताप झाला की तो बहुधा त्याच हत्यारानं दुरुस्ती करायला जातो ज्यानं मोडलं. मास्तरांनी बोलूनच मोडलं होतं, ते आता बोलूनच जोडायला निघाले. लंकाबाईंच्या नव्या घराची वास्तुशांत ठरली होती. मास्तर त्यांच्याकडं गेले.

"लंकाबाई, तुमच्या पंगतीला मीठ सावळा वाढेल."

लंकाबाई पदराशी चाळा करत राहिल्या. "मास्तर, आमाला काय न्हाई वो. आमी तात्याला आज वळखतो का? पन पावनं यायचेत जुन्नरकडनं. त्यांनी मोबाइलवर बघितलंय तुमचं भाषन. तुमीच तर म्हनालात, मनाचं तुकडं. आसल्या मानसाच्या हातात... उद्या त्यानं मिठाऐवजी काय टाकलं, तर त्याला तरी कळंल का?"

"इतकी वर्षं टाकलं का काही?"

"तवा आमाला म्हाईत कुठं व्हतं?"

मास्तरांनी आपलं वजन टाकलं. तुमचा लेक माझ्या हाताखाली शिकला, आणि सावळा वाढणार नसेल तर मी जेवायला येणार नाही, असं सांगितलं. नवीन घरात मास्तर जेवला नाही हे लंकाबाईंना परवडणारं नव्हतं. त्या 'बरं' म्हणाल्या. मास्तर घरी आले ते जवळजवळ हसत. सावळेरामाला बातमी दिली तेव्हा त्यानं शर्टाची कॉलर ब्रशनं घासून काढली.

वास्तुशांतीच्या दिवशी भरतनं मुकाट्यानं ताटली दिली. मास्तर मुद्दाम रांगेच्या शेवटच्या पत्रावळीवर बसले, म्हणजे सगळी पंगत डोळ्यांसमोर राहील.

सावळेराम पहिल्या पाहुण्यापुढं वाकला. पाहुण्यानं पत्रावळीवर तळवा आडवा धरला. "नको बाबा. बीपी आहे."

"बरं," सावळेराम म्हणाला आणि पुढं सरकला.

दुसऱ्यानंही तळवा धरला. "डॉक्टरनं बंद केलंय."

तिसरा वाडीतलाच, बैलगाड्याच्या शर्यतीत बैलांपुढं पळणारा, लग्नाचं वय झालेला गडी. "मलापन नको तात्या. आमटीत हायच की."

एकेक करून सगळ्या रांगेला रक्तदाब झाला. कुणी तोंड वाकडं केलं नाही, कुणी वावगं बोललं नाही. हसून, अदबीनं, डॉक्टरांचं नाव पुढं करून सगळे तळवे पत्रावळींवर पडत गेले. म्हातारी साळुबाई तेवढी थरथरत्या हातानं पत्रावळ पुढं करायला गेली, तर तिच्या सुनेनं तो हात धरून खाली ठेवला. सावळेराम प्रत्येकापुढं तेवढाच वाकत होता, तेवढाच थांबत होता. चिमटीत मीठ धरायचा, तळवा दिसला की ते ताटलीत परत सोडायचा. एकालाही त्यानं वगळलं नाही. वगळायचं नाही, हाच त्याच्या कामाचा एकमेव नियम होता.

तो मास्तरांपर्यंत आला तेव्हा ताटली भरलेलीच होती.

"वाढ," मास्तर म्हणाले.

त्यानं चिमूटभर वाढलं.

"अजून वाढ."

त्यानं वाढलं.

"अजून."

"दादा, एवढं मीठ कुनी खात न्हाई," सावळेराम हळूच म्हणाला. समजूत घालतात तसं. मग त्यानं ताटली खांबापाशी, भिंतीकडेला ठेवली, टोपी काढून घडी केली, खिशात घातली आणि मंडपाच्या मागच्या बाजूनं निघून गेला. गडबड अशी काहीच झाली नाही. भाताचं घमेलं हललं.

त्या दिवशी जुन्नरचे पाहुणे आणि अख्खी वाडी अळणी जेवली, कारण आचाऱ्यानं पंगतीत मीठ फिरतं म्हणून आमटीत हात राखून मीठ टाकलं होतं. आमटी भुरकताना सगळे खांबापाशी ठेवलेल्या ताटलीकडं बघत होते. ती घ्यायला एकही उठला नाही. मास्तरांनी आपल्या पुढ्यातलं सगळं मीठ भातात कालवलं आणि खाल्लं. त्याचा कुणाला उपयोग झाला नाही.

आता हा हिशेब मिटवून टाकू. शाल मास्तरांच्या कपाटात आहे. नारळ सरूबाईंनी खवून कधीच संपवला. जुन्नरचं आवतण आलं. मास्तरांनी घसा बसल्याचं कारण सांगितलं, आणि त्यांना कुणी फारसा आग्रहही केला नाही. स्टँडवर लोक उठतात, 'मास्तर, बसा' म्हणतात, तेवढी जमा खरी ठरली. मास्तर आता उभेच राहतात. वृषालीला हवं होतं तेही झालं. तालुक्यातली पोरं तो शब्द न अडखळता म्हणतात. लंकाबाईंच्या घरात अळणी जेवणाची आठवण राहिली, ती पुढच्या पंगतीला विसरली गेली. मिठाची ताटली भरतकडं आहे. त्याचा हात जड आहे, कुणाला जास्त पडतं, कुणाला सुटतं. कुणी बोलत नाही. रेडिओ कसाय हे वाडीत कुणी विचारत नाही, कारण खरा शब्द आल्यावर तो लाडका शब्द कसा वापरायचा ते कुणाला उमगत नाही.

गावात जेवण असलं की सावळेराम गाई घेऊन वरच्या माळाला जातो. घरी तिघांची ताटं मांडली की सरूबाई मिठाची बरणी पूर्वीसारखी त्याच्या हाताशी सरकवतात. तो ती उघडत नाही, नुसती भावापुढं सरकवतो. मास्तर आपलं मीठ आपल्या हातानं घेतात. त्यांच्या वाट्याला आलेला खर्च तेवढाच, दोन वेळचा, चिमूटभर. बाकी सगळं सावळेरामानं भरलं.